चौकोन संपतात तिथे

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या वहिनींना मी ‘भिंगवहिनी’ म्हणतो, याबद्दल त्यांची स्वतःची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आमच्या हिची. "शेजारच्या बाईला असली नावं ठेवतात का?" असं ती मला अधूनमधून सुनावते. पण नाव मी ठेवलेलं नाही, वहिनींनी ते कमावलंय. जिन्यात भेटून कुणी सांगितलं, "अहो, खालचा रस्ता खणून ठेवलाय," तर तुम्ही-आम्ही काय करतो? "अरेरे" म्हणतो आणि पायऱ्या चढायला लागतो. वहिनी तिथेच थांबतात. "कुठे? वळणाच्या अलीकडे की पलीकडे? येताना डाव्या हाताला की उजव्या? पायी जाता येतं, की माणसंही अडतात?" शेवटी सांगणाऱ्यालाच वाटायला लागतं की हा खड्डा आपणच खणला आणि आता पकडले गेलो.

वहिनी नकाशे करतात. कागदाचे नव्हेत, पडद्यावरचे. दोन बोटं फाकवली की जवळ येणारे आणि चिमटीत धरले की लांब जाणारे. शहराच्या नकाशा-कचेरीत खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे. टेबलावर दोन पडदे, पाठीला एक चपटी झालेली उशी आणि पाणी घालायला सगळे विसरतात असं एक झाड. घरात माणसं मोजकीच. नवरा औषधांच्या दुकानात असतो. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून बिचारा इतका दमतो की घरी आल्यावर तोंडातून शब्द निघत नाही. ती भरपाई सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, करतात. आणि सासरे म्हणजे बंबकाका.

बंबकाकांचं सगळं आयुष्य आगीचा बंब चालवण्यात गेलं. घंटेच्या आणि भोंग्याच्या वर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती घरातही सुटली नाही. "चहा!" असं ते म्हणाले की आमच्या घरात आधण पडतं. शहराबद्दल त्यांच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. "मला डोळे बांधून टेकडीवर सोडा," ते म्हणायचे, "वासावरून गल्ली सांगेन." आमच्या घराच्या समोर जी टेकडी दिसते, तिच्यावरची वरची वस्ती म्हणजे तर त्यांचं राज्यच. तिथे रस्ते म्हणजे पायऱ्या, पायऱ्यांमध्ये भिंती, भिंतींना फाटकं, आणि मधे कुठेतरी बंबाला पाणी देणारे जमिनीतले नळ. कुठला नळ कुठल्या बोळातून गाठायचा, हे सगळ्या अग्निशमन केंद्रात एकट्या काकांना तोंडपाठ.

आणि काका निवृत्त होणार होते.

केंद्रातले बाकीचे चालक तरुण, बाहेरून आलेले. वरच्या वस्तीचं नाव काढलं की एकमेकांकडे बघायचे. म्हणून केंद्रप्रमुखांनी ठरवलं, प्रत्येक बंबात पडदा बसवायचा आणि पडद्यावर नकाशा. काम गेलं नकाशा-कचेरीकडे. कचेरीत ते टेबलावरून टेबलावर सरकत सरकत जाऊन थांबलं ते नेमकं भिंगवहिनींच्या टेबलावर. हे काकांना कळलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे साखर मागायला गेलो होतो. (आमच्या घरी साखर होती. पण असल्या वेळी ती संपते.)

"म्हणजे माझ्या जागेवर माझीच सून?" काका गरजले.

"तुमच्या जागेवर नाही, बाबा. तुमच्या शेजारी. पडदा चालकाच्या डाव्या हाताला बसतो," वहिनी कांदा चिरत म्हणाल्या.

"कचेरीत बसून बंब हाकणार! ह्यालाच म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं."

"उंटावर बसलं की निदान सगळ्या शेळ्या दिसतात हो," काकू मधेच म्हणाल्या. "तुम्ही तर एकेक शेळी हुंगत जाता."

काकूंना नवरा घरी हवा होता. त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब काकूंकडेच असतो. पण केंद्रप्रमुखांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं: नकाशावर माझा विश्वास बसला तर काका सन्मानाने निवृत्त, नाही बसला तर काकांना मुदतवाढ. म्हणजे बघा, सून जिंकली की सासरा घरी आणि सून हरली की सासरा बंबावर. दोघं एकाच टेबलावर जेवत होते आणि एकमेकांना मीठ देत होते. असली करमणूक समोरच्या दारात असताना मी घरी कशाला बसेन?

नकाशाचं हे प्रकरण काय असतं, ते वहिनींनी मला जिन्याच्या कठड्याला टेकून समजावलं होतं.

"भाऊजी, सगळ्यात वरून बघितलं की अख्खं जग एका चौकोनात मावतं. एक पायरी खाली उतरलं की त्या एकाचे चार चौकोन. आणखी एक पायरी उतरलं की त्या प्रत्येकाचे परत चार. असं उतरत उतरत देश, शहर, पेठ, गल्ली. तुम्ही बोटं फाकवता ना, तेव्हा तुम्ही पायऱ्या उतरत असता आणि पडदा भराभर त्या पायरीचे चौकोन मागवून शेजारी शेजारी लावत असतो."

"मग असंच उतरत माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येता येईल की!"

"चौकोन आधी कुणीतरी काढून ठेवावे लागतात. प्रत्येक पायरीला चौपट. कुठेतरी थांबावंच लागतं. आमच्याकडे गल्लीच्या पायरीवर थांबलेत."

"आणि कुणी त्याच्याही खाली उतरलं तर?"

"तर आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार? राखाडी पडदा."

हे मी विसरून गेलो असतो. पण त्याच आठवड्यात मी त्यांना तळमजल्यावरच्या नवीन जोडप्याचं भांडण सांगत होतो. कसं सुरू झालं, कोण काय बोललं, तिने लाटणं कसं उगारलं, त्याने उशी कशी आडवी धरली. वहिनी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, भांडण झालं इथपर्यंत चौकोन आहेत. लाटणं आणि उशी तुम्ही काढलीत." काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी साखर न घेताच परत आलो.

केंद्रात नकाशा दाखवायचा दिवस आला, तेव्हा मी तिथे होतो. चोरून नव्हे, हक्काने. माझा फोटोचा स्टुडिओ आहे आणि जवानांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. अंगणात लाल बंब धुऊन उभे होते, खाली पाण्याची डबकी, नळ्या वाळत टाकलेल्या. एका बंबाच्या दारात सगळे गोळा झालेले. केंद्रप्रमुख साहेब आत चालकाच्या जागेवर, वहिनी पायरीवर उभ्या, आणि काका जरा लांब, हाताची घडी घालून, जावई पसंत नसलेल्या वधूपित्यासारखे.

साहेबांनी शहर बघितलं, मान डोलावली. टेकडी बघितली, मान डोलावली. वहिनींचा चेहरा खुलला. मग साहेब म्हणाले, "वरच्या वस्तीत शाळेमागचा नळ कुठाय?" आणि दोन बोटं फाकवली. ठिपके दिसले, पण एकाला एक चिकटलेले. साहेबांनी आणखी फाकवली. आणि पडदा राखाडी झाला. वस्ती नाही, पायऱ्या नाहीत, काही नाही. राखेचा एक चौकोन आणि त्यावर तरंगणारे चार निळे ठिपके.

"वस्ती कुठे गेली?" साहेबांनी विचारलं.

मागून एक जवान म्हणाला, "विझवली वाटतं, साहेब."

जो हशा उसळला! वहिनींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, हे मी सांगायला नको.

"हे काय ते नीट करून आणा," साहेब खाली उतरत म्हणाले. वाईट बोलले नाहीत, पण काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुडघ्यांना तेल लावून ठेवा." याचा अर्थ सगळ्यांना कळला.

वहिनींनी दोन दिवसांत पहिला इलाज केला. जिथे चौकोन संपतात तिथेच नकाशाला अडसर घातला. कितीही बोटं फाकवा, नकाशा गल्लीच्या खाली उतरेना. राखाडी पडद्याचं नाव नाही. घरीच काकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावला, जाड बोटांनी पडद्याची मान पिरगाळून बघितली आणि म्हणाले, "हा ठिपका म्हणजे शाळेमागचा नळ?"

"हो."

"आणि हा त्याच्या बोकांडी बसलेला?"

"तो लाँड्रीजवळचा."

"त्या दोघांच्या मधे माणसाच्या डोक्याच्या वर जाईल अशी भिंत आहे, सूनबाई. तुझ्या नकाशात ते दोघं मांडीला मांडी लावून बसलेत. चालक चुकीच्या बाजूने वर चढला, तर बंब मागे घ्यायला जागा नाही. मग काय, पाण्याला सांगायचं भिंतीवरून उडी मार म्हणून?"

काका टोमणा मारायला बोलले होते, पण बोलले ते खरं. भाजी तशीच राहिली, त्या दिवशी काकूंनी पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, "वहिनी, माझ्याकडे लोक येतात. गेलेल्या माणसाचा एवढासा फोटो, कुठल्यातरी जुन्या पासावरचा. म्हणतात, भिंतीवर लावायला मोठा करून द्या. मी करून देतो. धूसर होतो, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो कळत नाही. पण कुणी म्हणत नाही की त्यापेक्षा रिकामी चौकट द्या. तुम्हीही शेवटचा चौकोनच ताणून मोठा का करत नाही?"

मला वाटलं, आता वहिनी टाळी वाजवतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची असते."

"मग बदलत का नाही?"

"आमच्या कचेरीचा दंडक आहे, धूसर काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. लोकांना वाटतं काम कच्चं आहे." मग म्हणाल्या, "आता बदलते. कचेरीतल्या साहेबांना काय सांगायचं ते बघू. पण माझी झोप त्याने उडालेली नाही."

"मग कशाने?"

"खालचं चित्र ताणलं की ते धूसर दिसतं. बघणाऱ्याला आपोआप कळतं, इथून पुढे जपून. पण नळ, भिंती, फाटकं हे मी चित्रात नाही काढलेलं, वरून वेगळं ठेवलंय. ते कितीही खोल गेलं तरी ठळकच राहतं. आणि ते मी घेतलंय जुन्या सरकारी तक्त्यावरून. ठळक दिसतं म्हणून खरं आहे का, मला माहीत नाही. धुक्यात ठेचकाळलेला माणूस सावध तरी असतो, भाऊजी. ठळक खोट्यावर माणूस गाडी घालतो."

मी पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. सुचला नाही, हे खरं कारण.

त्या संध्याकाळी वहिनींनी काकांपुढे चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "बाबा, माझ्याबरोबर वर याल? एकेक नळ हात लावून बघायचाय."

"आता आठवला बाप!"

"यायचं की नाही तेवढं सांगा."

काकांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "माझ्याशिवाय तुला सापडणार तरी आहेत का?" म्हणजे हो.

मग रोज सकाळी आमची वरात टेकडीवर. पुढे काका, हातात काठी, पण टेकायला नव्हे, दाखवायला. मागे वहिनी, हातात एक उंच दांडी आणि तिच्या डोक्यावर आकाशातल्या उपग्रहांना विचारून जागा सांगणारं यंत्र. सगळ्यात मागे मी, मोजपट्टीचं दुसरं टोक धरून. माझा स्टुडिओ उशिरा उघडतो आणि माझी जीभ लवकर, त्यामुळे वेळ उत्तम जमली.

काकांचा थाट काय वर्णावा! बोळाच्या तोंडाशी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि काठी रोखून सांगायचं, "पाच-सहा पायऱ्या वर, डावीकडे हिरवं फाटक, फाटकाला लागून नळ. झाकणाचा एक कोपरा तुटलेला." जाऊन बघावं तर तसंच. तुटलेला कोपरासुद्धा. खिडक्यांतून बायका बघायच्या, एक म्हातारा रोज स्टूल घेऊन बाहेर बसायला लागला. काका वाटेत थांबून जुन्या आगींच्या गोष्टी सांगायचे. प्रत्येक गोष्टीत आग मोठी व्हायची आणि काका बारीक. वहिनी मात्र काकांच्या शब्दावर एकही ठिपका ठेवत नव्हत्या. झाकणावर दांडी टेकवायची, यंत्र शांत व्हायची वाट बघायची, भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. काका चिडायचे. "मी सांगितलं ना!" "सांगितलंत, बाबा. आता मी लिहिते."

अशा सात-आठ गल्ल्या झाल्या आणि काकांचा एकही शब्द खोटा ठरला नाही. मलाही वाटायला लागलं की ह्या माणसाला नकाशाची नाही, नकाशालाच ह्या माणसाची गरज आहे. वहिनींच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता. काका बरोबर असणं म्हणजे काकांना मुदतवाढ, हे त्यांनाही कळत होतं. तरी दांडी टेकवायचं काही सोडलं नाही.

मग आम्ही शाळेमागे पोचलो.

"इथे तर मोजायचीही गरज नाही," काका म्हणाले. डोळे मिटले. काठी पुढे. "भिंतीच्या अलीकडे, शाळेच्या बाजूला. भिंतीपासून हातभर. चल, लाव तुझी दांडी."

आम्ही गेलो. तिथे भिंत होती. भिंतीपासून हातभर अंतरावर शाळेच्या पाण्याच्या टाकीचा ओटा होता. नळ नव्हता.

काकांनी डोळे उघडले. ओट्याभोवती फिरले. वाकून बघितलं. काठीने पालापाचोळा सारला. गुडघा कुरकुरला तेवढाच आवाज.

पलीकडून लाँड्रीवाल्याने कशावरतरी चढून भिंतीवरून डोकं काढलं. "काय शोधताय, काका?"

"नळ. बंबाचा."

"तो आमच्या आवारात आहे. जुनी भिंत पडली ना, तेव्हा नवी बांधताना शाळेकडे सरकवून बांधली. कपड्यांना जागा हवी होती आम्हाला. बरीच वर्षं झाली की."

ह्या बाजूला त्यानंतर आग लागलीच नव्हती, म्हणून काका इकडे फिरकले नव्हते. त्यांच्या डोक्यातली भिंत होती तिथेच उभी होती, अगदी ठळक, एकेका विटेसकट. उद्या घंटा झाली असती तर ते न विचारता, न थांबता, शाळेच्या बाजूने चढले असते. मागे घ्यायला जागा नसलेल्या बोळात. आणि वर शाळा.

ते पायरीवर बसले. वहिनी वळसा घालून लाँड्रीच्या आवारात गेल्या, वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढली, झाकणावर दांडी टेकवली आणि भिंतीवरून मोजपट्टीचं टोक माझ्याकडे फेकलं. परत आल्यावर काकांच्या शेजारी बसल्या.

"नळ मोजला, बाबा. भिंतही मोजली. वरच्या टोकाला त्यांचं कुत्रं बांधलंय, तिथपर्यंत नाही जाता आलं. तेवढा भाग तुटक ठेवते."

"तुटक म्हणजे?"

"म्हणजे भिंत आहे, पण मी हात लावून बघितलेली नाही."

काकांनी त्यांच्या हातातल्या यंत्राचा पडदा आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "आधी केलेल्या सगळ्या परत बघू. जिथे मी डोळे मिटून सांगितलं आणि तू पट्टी लावली नाहीस, अशी एखादी आहे का?"

"एकही नाही."

"शहाणी आहेस," काका म्हणाले. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं.

केंद्रातल्या दुसऱ्या खेपेला मी फोटोचं निमित्तही काढलं नाही, नुसताच गेलो. साहेब आत बसले, वहिनी पायरीवर. साहेबांनी बोटं फाकवली. गल्ली आली. आणखी फाकवली. खालचं चित्र विरघळल्यासारखं झालं, छपरं आणि अंगणं एकमेकांत मिसळली, पण वरचे नळ, फाटकं, भिंती लखलखीत. दोन ठिपके एकमेकांपासून सुटे झाले, दोन्ही लाँड्रीच्या बाजूला, आणि शाळेकडे सरकलेली भिंत उभी राहिली. तिचं वरचं टोक तुटक होतं; तिथे लाँड्रीवाल्याचं कुत्रं आडवं आल्याचं वहिनींनी सांगून टाकलं. पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी आली: ‘चित्र ताणलेलं आहे. सलग रेषा मोजलेल्या, तुटक न मोजलेल्या.’

साहेबांचा चेहरा आंबला. "राखाडीपेक्षा बरं आहे. पण हे खालचं सगळं पाण्यात भिजल्यासारखं दिसतंय. माझी पोरं धावपळीत असतात, धूसर बघून बिचकतील. जरा नीटनेटकं काढा की! छपरं, कडा, ठळक करा."

"काढता येईल, साहेब," वहिनी म्हणाल्या. "पण ते माझ्या मनाचं असेल. तिथलं नसेल."

"थोडंफार इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? चालकाला भरवसा वाटला पाहिजे."

"भरवसा वाटायला नको तिथे वाटेल."

साहेबांनी सुस्कारा सोडला. पडद्यावरून बोट काढलं. मला वाटलं, हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. तेवढ्यात मागून आवाज आला. भोंग्यावर चढणारा, अख्ख्या अंगणाला ऐकू जाणारा.

"साहेब, मला शाळेमागचा नळ ठळक आठवत होता."

सगळे वळले. काका पुढे आले. हाताची घडी सुटलेली.

"डोळे मिटून दाखवला मी. फोटोवाल्याला विचारा, साक्षीला होता. आणि तो तिथे नव्हता. भिंत सरकली, नळ पलीकडे गेला आणि माझ्या डोक्याला पत्ता नाही. माझी आठवण धूसर होत नाही, साहेब. तोच तिचा दोष. धूसर झाली असती तर मी एकदा थांबलो असतो, कुणाला विचारलं असतं. हिच्या नकाशाला लाज वाटत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून दाखवतो. खालचं धूसर दिसलं की पोरांचा पाय ब्रेकवर जाईल. जाऊ दे. तिथे जायलाच हवा."

ज्या जवानाने वस्ती ‘विझवली’ होती, तो बुटाच्या टोकाकडे बघत होता. असा माणूस, असं बोलणं, आणि तेही आपल्याच पोरांपुढे! मी शपथेवर सांगतो, यात मी काहीही ताणलेलं नाही.

साहेबांनी परत पडद्याकडे बघितलं. बोटं फाकवून खोल उतरले, चिमटीने वर आले, परत खोल. मग काकांना म्हणाले, "म्हणजे मुदतवाढ नको तुम्हाला?"

"आमच्या घरी गुडघ्यांचा निकाल आधीच लागलाय," काका म्हणाले.

"ठेवा नकाशा," साहेब म्हणाले. "सगळ्या बंबांत. आणि ते कुत्रं तिथून हलवायला सांगतो मी लाँड्रीवाल्याला, ती तुटक रेषा पुरी करून टाका."

पायरीवरून उतरताना वहिनींचा तोल गेला, तर काकांनी कोपर धरलं. निरोपाच्या फोटोत सगळे जवान ओळीने उभे आहेत, मधे खुर्चीवर काका. शेजारची खुर्ची त्यांनी हट्टाने वहिनींसाठी लावायला लावली. "बंबवाल्यांच्या फोटोत कचेरीतल्या बाईंना खुर्ची कशाला?" असं कुणीतरी म्हणालं, तर काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो फोटोत डोळे मिटलेलाच आलाय. मी दुरुस्त केलेला नाही.

काका घरी बसले. म्हणजे बसले नाहीत, घरभर फिरायला लागले. काकूंना पोळी कुठल्या बाजूने उलटायची ते सांगायला लागले. काकू म्हणाल्या, "गप्प राहून वाट दाखवणारा नकाशा हवा होता मला, चालक नको होता."

आणि मग एका संध्याकाळी, उजेड अजून होता, वहिनी नुकत्याच कचेरीतून आलेल्या, मी गॅलरीत काकांशी बुद्धिबळात हरत होतो, तेवढ्यात टेकडीवर धूर दिसला. शाळेच्या मागच्या अंगाला. पाठोपाठ खालून भोंगा.

काका उठून कठड्यापाशी गेले. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, डावा मागे सरकला. बंब त्या दिवशी कोण चालवत होतं ते आम्हाला ठाऊक होतं: जेमतेम रुजू झालेला एक मुलगा, ज्याने वरची वस्ती आयुष्यात बघितली नव्हती. भोंगा बाजारातून आला, चढावर लागला. वर जाऊन रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजवा शाळेकडे, डावा लाँड्रीकडे. धूर शाळेकडून येत होता. डोळ्यांना दिसणारी वाट उजवी.

"डावीकडे घे," काका पुटपुटले. "डावीकडे घे, बाळा."

वहिनी दारात उभ्या होत्या. खांद्यावरची पिशवी तशीच. काकू देवाचं नाव घेत होत्या आणि मधूनच माझा खांदा घट्ट पकडत होत्या.

भोंगा फाट्यावर आला. जरा रेंगाळला. म्हणजे पोराचा पाय ब्रेकवर गेला होता. मग आवाज डावीकडे सरकला, चादरींच्या दिशेने वर गेला आणि थांबला. थोड्या वेळाने काळ्या धुराच्या जागी पांढरी वाफ उठली. नंतर कळलं, शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुनी बाकं पेटली होती. शाळा कधीच सुटलेली होती, कुणाला काही झालं नाही. लाँड्रीतल्या नळावरून भिंतीपलीकडे पाणी गेलं आणि आग जागच्या जागी बसली.

काकांनी कठडा सोडला. ते वहिनींकडे वळतील, काहीतरी म्हणतील, असं मला वाटलं. छे! ते तडक आत गेले, फोन उचलला, धाकट्या भावाला लावला, आणि घंटा, भोंगा, बाजार, सगळ्यांच्या वर जाईल अशा आवाजात सुरू झाले. "ऐकलंस का? आमच्या सुनेने बंब वर नेला! हो, हो, आत्ता! फाट्यावरून डावीकडे! मी इथून ऐकला!"

जिन्यातली सगळी दारं उघडली.

"बाबा, मी नाही नेला," वहिनी हसत म्हणाल्या, आणि डोळे पुसायला पदर शोधत होत्या, सापडत नव्हता. "त्या पोराने नेला. मी फक्त नकाशा—"

"गप गं," काकांनी फोनवर हात ठेवून दरडावलं. "तुला काय कळतंय त्यातलं!" आणि पुढचा नंबर लावला.